भोकात कान

"भोकात कान घालून कोण ऐकतो रे?"

मामा दारात उभा होता. ओली छत्री पडवीत ठेवून आत आला, तर भाचा, म्हणजे मी, जमिनीवर उताणा पडलेला, डोकं एका मोठ्या ड्रमपाशी, तोंडात टॉर्च. ड्रमच्या पुढच्या हेडला, म्हणजे ताणलेल्या पडद्याला, पाच इंची भोक होतं. त्यातून माइक आत सरकवून तो बीटरपासून, म्हणजे पेडल मारलं की ड्रमवर आपटतो त्या गोळ्यापासून, किती लांब राहतोय ते मी बघत होतो. मागे स्टुलावर बसलेला मुलगा मी हात वर केला की पेडल मारायचा. धप्प. मग मी माइक दोन बोटं मागे घ्यायचो. परत हात वर. धप्प. सकाळी नऊपासून हेच चाललेलं.

मामाला मी उत्तर दिलं नाही. तोंडात टॉर्च होता हे एक कारण. दुसरं म्हणजे, उत्तर नव्हतंच.

गोव्यात फोंड्याच्या आमच्या जुन्या घराची मागची खोली मी रेकॉर्डिंगसाठी घेतली त्याला आता सहा वर्षं होतील. तिला स्टुडिओ म्हणायला अजून जीभ रेटत नाही. चिऱ्याच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौलं, त्याखाली मीच ठोकून घेतलेलं प्लायवूडचं छत. येणारी माणसं म्हणजे भजनी मंडळं, देवळाच्या उत्सवात नाटक करणारे हौशी नट, चतुर्थीच्या आधी घुमट वाजवत आरत्या करणारे, तियात्राची कांतारां, म्हणजे कोकणी नाटकांतली गाणी, करणारे, आणि मधूनच एखादं पहिलं गाणं घेऊन आलेली कॉलेजची पोरं. कौलांवर पाऊस तडतडायला लागला की काम बंद. पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपा कधी वाजतो ते पाठ झालंय, त्या वेळेला टेक घ्यायचा नाही. बाकी शांतता आहे. म्हणजे बेडूक सोडून.

सुरुवातीची दोन वर्षं ड्रम आलेच नाहीत, त्यामुळे माझ्याकडचे माइक सगळे गळ्यासाठीचे. पहिल्यांदा ड्रमवाला आला तेव्हा मी बिनधास्त एक एसएम५८ किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, भोकासमोर लावला. हा तोच माइक, आइस्क्रीमच्या कोनासारखा, भाषणापासून भजनापर्यंत सगळीकडे दिसणारा. रेकॉर्ड झालं ते ऐकून मुलगा काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा मी अजून विसरलो नाही. कोणीतरी पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्याला लाथ मारतंय असा आवाज. माइकचा दोष नव्हता. एसएम५८ बनवला माणसाच्या गळ्यासाठी, त्याचं खालचं टोक कागदावर ५० हर्ट्झ लिहिलेलं असलं तरी त्याच्या कितीतरी आधी तो हळूहळू खालचा आवाज सोडत येतो. गळ्याला ते बरंच असतं. बावीस इंची ड्रमचा मूळ स्वर मात्र साधारण ५० ते ८० हर्ट्झमध्ये कुठेतरी बसलेला. म्हणजे मी ड्रमचा पाया खणून बाहेर ठेवला होता आणि नुसत्या भिंती रेकॉर्ड केल्या होत्या.

तेव्हा ठरवलं, किकसाठी वेगळा माइक घ्यायचा. एकच. दोन घेण्याइतकी कमाई नाही. आणि एकच घ्यायचा म्हटलं की माणूस किती वेडा होतो ते त्या पावसाळ्यात मला कळलं.

चार माइक जमवले, सगळे उसने. लग्नांत साउंड लावणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून एकेजीचा डी११२ आणि शूरचा बीटा ५२ए. ड्रमवाल्या मुलाच्या मित्राकडून ऑडिक्सचा डी६. आणि चौथा, इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई२०, एका निवेदकाकडचा. त्यांनी जाहिरातींसाठी आवाज देणं कमी केलं होतं आणि तो विकायचा की नाही यावर त्यांचं दोन वर्षं चिंतन चाललं होतं.

डी११२ बघितला की मामा हसला. "हे अंडं कुठल्या पक्ष्याचं?" जगभर लोक त्याला अंडंच म्हणतात, मामाला कोणी सांगितलं नव्हतं. त्याचा पूर्वज डी१२, व्हिएन्नाच्या त्याच कंपनीचा, १९५०च्या दशकातला. बीटा ५२ए जाड मानेचा, एका बाजूला कललेला. डी६ सगळ्यात लहान, मुठीत मावेल असा. आणि आरई२० म्हणजे लांबलचक करडं नळकांडं. वजन ७३७ ग्रॅम, स्टँड साधा असेल तर हळूहळू मान टाकतो.

दिसायला चार तऱ्हा, पण आतलं काम चौघांचं सारखंच. एक पातळ पडदा, त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी, भोवती चुंबक. हवा पडद्याला ढकलते, गुंडाळी चुंबकात हलते, वीज निघते. स्पीकरचं काम नेमकं उलटं. तिथे वीज आत जाते आणि हवा बाहेर येते. हे मामाला सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, मग स्पीकरच लाव की ड्रमसमोर. त्याला वाटलं त्याने चेष्टा केली. पण लोक हे खरंच करतात. यामाहाचे एनएस१० नावाचे पांढऱ्या कागदी कोनचे स्पीकर १९७८ साली निघाले. त्यांचा वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा स्पीकर, काढून किकसमोर टांगायची रीत इतकी रुळली की पुढे यामाहाने स्वतःच ड्रमच्या खोडात बसवलेला तसला स्पीकर-माइक विकायला काढला. मीही एका बंद पडलेल्या म्युझिक सिस्टिमचा साडेसहा इंची वूफर काढला, दोन तारा जोडल्या आणि लावला. आवाज आला, भरपूर आला, प्रीअँपवर आवाज कमी करणारा पॅड लावावा लागला इतका. पण सगळा खालचाच. पोटातल्या गुडगुडीसारखा. बीटरचा टोला कुठेच नाही. दुसऱ्या माइकच्या जोडीला उत्तम, एकट्याने निरुपयोगी. तो अजून माझ्याकडे आहे. पाहुण्यांची मुलं त्याला ताटली समजतात.

आता ड्रमवाल्या मुलाबद्दल. सासष्टीतला, वडील चर्चच्या फेस्ताला ट्रम्पेट वाजवायचे, हा लग्नांत ड्रम वाजवतो आणि मधल्या दिवसांत कंपनीत नोकरी करतो. कान चांगला. एक खोड मात्र आहे, काहीही रेकॉर्ड झालं की आधी फोनवर पाठवून घेतो आणि फोनच्या स्पीकरवर ऐकतो. त्याने चारही माइकांतून डी६ निवडला, पाच मिनिटांत.

मी त्याला म्हटलं, फोनवर साठ हर्ट्झ येतच नाही, तू ऐकतोस ते फक्त टोला. तो म्हणाला, "मग? लोक कशावर ऐकतात?"

याला काय बोलणार. खरंच आहे ते. डी६मध्ये मधला भाग खणून काढलेला असतो, खाली फुगवटा आणि वर बीटरची टकटक उठून येते. लावला की लगेच गाण्यातला किक, काही करावं लागत नाही. फोनवर ती टकटक पोचते, गाडीत खालचा फुगवटा पोचतो. लग्नाच्या मांडवात, फेस्ताच्या स्टेजवर, जिथे साउंड-चेकला दहा मिनिटं मिळतात आणि त्यातली आठ नवरीच्या काकांच्या भाषणाचा माइक शोधण्यात जातात, तिथे मीही डोळे झाकून हाच किंवा बीटा ५२ए लावीन. पण तो तयार मसाल्याच्या पाकिटासारखा आहे. शागुती होते, झकास होते, आणि प्रत्येक वेळी तीच होते. ड्रमवाला कोणीही असो.

डी११२ तसा नाही, त्याच्यात टोकदारपणा चार हजार हर्ट्झच्या आसपास येतो आणि खाली एक गोलाई असते. तीस-चाळीस वर्षांच्या रेकॉर्डांतून ती कानात इतकी बसलीय की ऐकल्याबरोबर "हा, हा ड्रम" असं वाटतं. बीटा ५२ए त्याच्याच घराण्यातला, थोडा दणकट. त्याच्याबद्दल तक्रारही नाही, प्रेमही नाही.

आणि आरई२० लावल्यावर पहिल्यांदा मला काहीच वाटलं नाही. खोलीत उभं राहून ऐकू येतो तसाच, थोडा जवळून आल्यासारखा ड्रम. ना फुगलेला, ना टोकदार. मुलगा म्हणाला, "हे साधं आहे." मीही तेच म्हटलं आणि बाजूला ठेवला.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. पहिले तीन दिवस मी जी तुलना केली ती सगळी फुकट होती, आणि त्याची कारणं माइकात नव्हती.

पहिलं कारण, मी आवाजाची पातळी सारखी केली नव्हती. जो माइक जोरात यायचा तो चांगला वाटायचा. कानाचा धर्मच तो, आवाज मोठा झाला की खालचे आणि वरचे सूर जास्त ऐकू येतात. चारही टेक मोजून एका पातळीवर आणले तेव्हा बीटा ५२ए आणि डी११२ मधला फरक, ज्यावर मी मुलाशी एक दुपार भांडलो होतो, जवळजवळ नाहीसा झाला.

दुसरं कारण लाजिरवाणं आहे. माझी खुर्ची. खोलीची रुंदी साडेनऊ फूट, आणि स्पीकर नीट दोन बाजूंना यावेत म्हणून मी बरोबर मधोमध बसायचो. साडेनऊ फुटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ५९ हर्ट्झची लाट अडकते, ती भिंतींपाशी जोरात असते आणि मधोमध जवळजवळ शून्य. त्या मुलाच्या किकचा मूळ स्वर साठच्या आसपास. म्हणजे मी नेमका तिथे बसून किकचा तळ शोधत होतो, जिथे तो तळ पोचतच नव्हता. हे कळलं कसं, तर बायको चहा घेऊन आली. मी दारात जाऊन कप घेतला, मागे टेक चालू होता, आणि अचानक छातीत धप्प झालं. परत खुर्चीत बसलो, गायब. दारात, धप्प. ती म्हणाली चहा थंड होईल. मी चार वेळा ये-जा केली.

साठ हर्ट्झची लाट साधारण पावणेसहा मीटर लांब असते. आमच्या पूर्ण खोलीत ती सरळ झोपूही शकत नाही. हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण माझ्याच खुर्चीखाली ते असेल असं मनात आलं नव्हतं. खुर्ची दोन फूट सरकवली, कोपऱ्यांत सुती गाद्या उभ्या केल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मग ड्रमकडेही नीट बघितलं. मागचं हेड एका बाजूला ढिलं होतं, ते सारखं केलं. मुलाने आत कोंबलेली उशी निम्मी बाहेर काढली, आता ती फक्त मागच्या हेडला टेकत होती. बीटर नमद्याचा होता, त्याजागी लाकडी लावला तर टकटक आपोआप आली. माइक न बदलता. हे सगळं आधीच करायचं असतं. माइक निवडणं सोपं वाटतं, कारण दुकानात ड्रमची ट्यूनिंग विकत मिळत नाही.

मामाचा प्रश्न या सगळ्यात डोक्यात घोळत राहिला होता. भोकात कान घालून कोण ऐकतो?

कोणीच नाही. तेच तर.

किकचा जो आवाज आज आपल्याला "खरा" वाटतो, तो कुठल्याही माणसाच्या कानाने कधी ऐकलेला नाही. ड्रमच्या पोटात, बीटरपासून चार बोटांवर, जिथे आवाजाचा दाब १४० डेसिबलच्याही वर जाऊ शकतो, तिथे कान ठेवला तर तो कान उरणार नाही. पूर्वी माइकही तिथे ठेवायचे नाहीत. हवेच्या झोताने माइक खराब होतील अशी भीती असायची, आणि पातळ धातूच्या पट्टीच्या रिबन माइकच्या बाबतीत ती खरीही होती. १९६६ साली लंडनच्या ईएमआय स्टुडिओत जेफ एमरिक नावाच्या वीस वर्षांच्या इंजिनिअरने बीटल्सच्या रेकॉर्डिंगमध्ये रिंगो स्टारच्या किकमध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला आणि एकेजीचा डी२० अगदी चामड्याशी नेऊन ठेवला. स्टुडिओच्या नियमांत माइक इतका जवळ नेणं बसत नव्हतं. त्या दिवसांनंतर हळूहळू सगळ्या जगाचा किक जवळ आला. तो जवळ येण्याआधीच्या रेकॉर्डी ऐका, आपल्या मडगावच्या क्रिस पेरींच्या काळातल्या कोकणी गाण्यांसारख्या. तिथे किक बँडच्या मागे कुठेतरी पाय आपटल्यासारखा येतो. आपण नाचतो, पण तो दाखवता येत नाही. ती चूक नव्हती. तेव्हा ऐकणारा श्रोत्यांत बसून ऐकत होता, पुढे तो ड्रमच्या पोटात जाऊन बसला.

म्हणजे "सगळ्यात खरा माइक कुठला" हा माझा प्रश्नच मोडका होता. माइक घेताना आपण कुठे बसून ऐकायचं ते ठरवत असतो, आणि ती जागा बहुधा कोणालाही बसता न येणारी असते. डी६ आपल्याला एका जागी बसवतो आणि उठू देत नाही. मला उठायची सोय हवी होती.

हे मला इतकं सुबक सुचलं नाही, अर्थात. ते मामामुळे सुचलं, आणि तेही दुसऱ्या दिवशी, पाऊस उघडल्यावर, त्याने घुमट काढला तेव्हा.

मामा सत्तरीतला, पन्नास वर्षं घुमट वाजवतोय. सुंवारीच्या वादनात, आरतीत, शिगम्यात. त्याच्याकडे वडिलांचा एक घुमट आहे, घोरपडीच्या चामड्याचा. तो आता वाजवायचा नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, तो फक्त खुंटीला असतो. वाजवतो तो बकरीच्या चामड्याचा, भांडं डिचोलीच्या कुंभाराकडचं. "बोलत नाही तसा," असं तो दर वर्षी म्हणतो आणि दर वर्षी तोच वाजवतो. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. मामाला त्याचा आनंद झाला. पण त्याने विचारलं, चामड्याचं काय?

माहीत नसेल त्याच्यासाठी सांगतो. घुमट म्हणजे मातीचं मडकं, दोन तोंडांचं. मोठ्या तोंडावर चामडं, त्यावर उजवा हात. मागचं लहान तोंड उघडं, त्यावर डावा हात. तो डावा हात झाकत-उघडत राहतो आणि घुमट "घूं" वरून "घुंम्" वर जातो. सगळी जान त्या डाव्या हातात.

मी त्याच्याकडे बघत बसलो होतो आणि माझ्या डोक्यात हळूच काहीतरी जुळलं. एका बाजूला चामडं, दुसऱ्या बाजूला भोक. हा तर किकच. त्याच्या पुढच्या हेडचं पाच इंची भोक म्हणजे घुमटाचं मागचं तोंड, फक्त झाकायला हात नाही. भोक मोठं केलं तर ड्रम एका चामड्याचा झाल्यासारखा कोरडा वाजतो, लहान ठेवलं तर आतली हवा त्याला मागे ढकलते आणि तो गातो. ड्रमवाले भोक बाजूला का पाडतात, मधोमध का नाही, यावर वाद घालतात. मामाला विचारलं असतं तर त्याने भोकावर हात ठेवून दाखवलं असतं.

खरं तर त्याने तसं दाखवलंच. मुलगा पेडल मारत होता, मामा ड्रमसमोर उकिडवा बसला आणि तळहात भोकावर अर्धा ठेवला. आवाज बदलला. मुलगा थांबला. मामा म्हणाला, "मार, मार." मग काही वेळ दोघांनी मिळून एक विचित्र, सुंदर किक वाजवला, एक पायाने आणि एक हाताने. मी रेकॉर्ड दाबायचं विसरलो.

मुलाचे दोन पाय आणि दोन हात चार कामं करताना बघून मामाला खाप्रूमाम पर्वतकर आठवले, लयभास्कर म्हणत ते. एका हाताने एक ताल, दुसऱ्या हाताने दुसरा, पायाने तिसरा, तोंडाने चौथा असं ते करत, असं त्याने त्याच्या वडिलांकडून ऐकलेलं. मुलाला नाव माहीत नव्हतं. त्याने ते फोनमध्ये लिहून घेतलं.

मग मामाचा घुमट रेकॉर्ड करायला बसलो, आणि तिथे निवड झाली. डी६ घुमटासमोर ठेवला तर घुमट किक झाला. अक्षरशः. मधला भाग, जिथे मातीचा आवाज असतो, जिथे डाव्या हाताचं "घूं-घुंम्" असतं, तोच खणून काढलेला. मामाने हेडफोन लावून ऐकला आणि काढून ठेवला, "हे दुसरं कोणीतरी वाजवतंय." डी११२ त्यातल्या त्यात बरा, पण चामड्याचा "चट" इतका पुढे की कान दुखावा. आरई२० ठेवला. मामाने ऐकलं, परत ऐकलं. मग म्हणाला, "हा मी."

आरई२० मूळचा अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांचा लाडका, १९६८ पासूनचा. त्याच्या अंगावर लांबीभर फटी असतात. त्यांच्यामुळे माइक जवळ नेला तरी खालचा आवाज उगाच फुगत नाही. साध्या दिशादर्शी माइकला वाद्याच्या जवळ नेलं की खालचे सूर वाढतात. किकवाले कित्येकदा त्या फुगवट्यावरच जगतात. इथे ते नाही. म्हणजे मी माइक जिथे ठेवीन तिथे जे आहे ते मिळेल, माझ्या हाताने ठेवलेल्या अंतराने आवाज ठरेल. किकमध्ये आत, बीटरजवळ नेला की टोला. भोकाच्या तोंडाशी आणला की अंग आणि थोडा झोत. बाहेर दीड फुटावर नेला की पूर्ण सूर, त्याची शेपटीसुद्धा. एकाच माइकाचे तीन किक. डी६ मध्ये मला एकच मिळाला असता, चांगला, पण एकच.

आणि आमच्या गिऱ्हाइकांचा विचार करता वर्षात किती दिवस किक येतो? बाकीचे दिवस पखवाज, घुमट, शामेळ, ढोल, कधी भजनीबुवांचा घसा बसलेला आवाज. किकसाठी बनवलेला माइक या सगळ्यांना किक करून टाकेल. म्हणून शेवटी किकसाठी माइक घेताना मी किकसाठी नसलेला माइक घेतला. निवेदकांनी दोन वर्षांच्या चिंतनानंतर तो विकला. किंमत सांगत नाही, बायको हे वाचते.

दोन गोष्टी अजून. आमच्या हवेचं बघा. जुलैत भिंतीला हात लावला तर ओला होतो. दुसऱ्या, कंडेन्सर जातीचे माइक अशा हवेत कधीकधी फुसफुसायला, कडकडायला लागतात, त्यांना मी सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात झोपवतो. डायनॅमिक, म्हणजे वर सांगितलेले गुंडाळी-चुंबकवाले, माइक त्या मानाने बिनतक्रार. किकसाठी चपटा कंडेन्सर, ड्रमच्या आत उशीवर ठेवायचा तसला, मला फार आवडतो, पण पावसाळ्यात त्याला ड्रमच्या पोटात ठेवायची माझी छाती होत नाही.

आणि दोन माइक लावलेत, एक आत नि एक बाहेर, किंवा घुमटाला एक चामड्यासमोर नि एक मागच्या तोंडाशी, तर पोलॅरिटीचं, म्हणजे एका माइकची लाट उलटी करणारं, बटण दाबून बघाच. चामड्यावर थाप पडते तेव्हा पुढच्या माइकाला आणि मागच्या माइकाला हवा वेगवेगळ्या तऱ्हेने कळते. घुमटाला मी दोन लावले तेव्हा एकेकटे छान, आणि एकत्र पातळ, जसं ताक. बटण दाबलं, घुमट परत आला. मामा म्हणाला, एवढंच होतं तर दोन तास काय करत होतास.

चतुर्थीच्या आठवडाभर आधी मामाच्या मंडळाच्या आरत्या रेकॉर्ड झाल्या. पहिल्या आरतीला मामाने विचारलं, "ड्रमच्या पोटात घालतोस तो हाच ना?" मी हो म्हटलं. तो जरा थांबला. पायाने मारायच्या वाद्याचा माइक, आणि समोर गणपतीची आरती. तोंडाने काही बोलला नाही. पिशवीतून कुंकवाची डबी काढली, माइकला नाही, माइक महाग आहे हे त्याला कळतं, स्टँडच्या उभ्या दांड्याला अर्ध्या उंचीवर एक ठिपका लावला. मग वाजवायला बसला.

ठिपका मी पुसला नाही. पुढच्या महिन्यात ड्रमवाला मुलगा आला, किक लावला, स्टँड जवळ ओढला आणि दांड्याकडे बघत राहिला.

"हे लाल काय?"

"मार्क आहे," मी म्हटलं. काय सांगणार.

तेव्हापासून तो बूम, म्हणजे स्टँडचा आडवा दांडा, बरोबर त्या ठिपक्यापर्यंत खाली आणतो, एक बोट वर नाही की खाली नाही. मी काही बोलत नाही. किक चांगला येतो.